बुबुळाची कड

दीपकने आरसा चेहऱ्यासमोर धरला.

अमळनेरला कॉलेजात शिकणारा हा पोरगा. लहानपणी विटीदांडू खेळताना उजवा डोळा गेला, तेव्हापासून त्या बाजूची पापणी खोल गेलेली. आज तिथे कृत्रिम डोळा बसवला होता. शेजारी बसलेली आई कधी मुलाकडे, कधी आरशाकडे पाहत होती. छान दिसतो, अगदी खऱ्यासारखा दिसतो, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. दीपकने नुसती मान हलवली. आरसा टेबलावर ठेवला, खिशातून काळा चष्मा काढला आणि नाकावर चढवला.

बेसिनपाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या तोतारामने हे खिडकीच्या काचेत पाहिलं. तो डोळा त्याने रंगवला होता.

बन्सीलाल नाना पुढे झाले. नाना या दवाखान्यात उभं आयुष्य कृत्रिम डोळे करत आले होते. त्यांनी दीपकच्या खांद्यावर हात ठेवला, डोळा काढून घेतला आणि पुढच्या आठवड्यात परत या म्हणून सांगितलं. रंग अजून बसायचा आहे, असं ते म्हणाले. रंग पक्का बसलेला होता, हे नानांना माहीत होतं आणि तोतारामलाही.

मायलेक गेल्यावर तोतारामने अंगातला पांढरा कोट काढून खिळ्याला अडकवला. तो कोट घालताना त्याला रोज वाटायचं, की आपण कुणाच्या तरी नाटकात काम करतोय आणि केव्हाही कुणी येऊन म्हणेल, चल, उतर खाली.

"नाना, उद्यापासून मी येत नाही."

नानांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, "ब्रश आडवे ठेवून जा. उभे ठेवले की पाणी मुळाशी उतरतं."

तोताराम मूळचा पेंटर. धुळ्यात एके काळी आग्रा रोडने चालत गेलं की दर दोन-तीन दुकानांआड त्याच्या हाताची पाटी दिसायची. कापडाची दुकानं, सराफ, वकील, दातांचे डॉक्टर, सगळ्यांना तोताराम पेंटरचीच अक्षरं लागायची. त्याच्या अक्षराची कड ब्लेडने कापल्यासारखी यायची. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता, तो हातभर लांबीची शिरोरेषा एका दमात ओढायचा आणि खाली उभे असलेले लोक माना वर करून बघत राहायचे. ही कड हाच त्याचा अभिमान होता.

मग फ्लेक्स आले. पाट्या मशीनमधून निघू लागल्या, एका रात्रीत तयार आणि वर मालकाचा फोटोही. काही दिवस तोतारामने दुसऱ्यांचे फ्लेक्स तारेने बांधून देण्याचं काम केलं. एकदा वाढदिवसाच्या शुभेच्छांचा भला मोठा फ्लेक्स बांधायला तो वर चढला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की खाली झाकली जातेय ती आपणच रंगवलेली पाटी आहे. त्याने तार पिरगाळली, उतरला आणि ते काम सोडलं. पुढे टपरी टाकून गाड्यांच्या नंबरप्लेटवर रेडियम कापून चिकटवायला लागला. त्यात बरं चाललं होतं, तोवर सरकारने सगळ्या गाड्यांना एकाच साच्यातल्या नव्या पाट्या सक्तीच्या केल्या. टपरी बंद झाली. पन्नाशी उंबऱ्यावर उभी, आठवीपर्यंत शिक्षण, आणि जे येत होतं ते कुणाला नको होतं.

अशा वेळी बन्सीलाल नाना घरी आले. त्यांच्या वस्तीतल्या विहारात तोतारामने फार पूर्वी भिंतीवर बुद्धाचं चित्र काढलं होतं. नाना म्हणाले, ते चित्र मी रोज बघतो. माझा हात आता थरथरतो. मुलगी संघमित्रा नाशिकला आहे, ती म्हणते, आता बास करा आणि इकडे या. पण माझ्या जागेवर बसायला कुणी नाही. तू ये.

तोतारामला आधी थट्टाच वाटली. मी भिंतीचा माणूस, तो म्हणाला. माझं अक्षर माणसाएवढं असतं. तुमचं बुबूळ शर्टाच्या बटणाएवढं.

तरी गेला. नकार द्यायला दुसरं काही हातात नव्हतं. धुळ्याच्याच देवपुरातल्या त्या धर्मादाय दवाखान्यात मागच्या बाजूला एक लांबट खोली होती, उत्तरेला मोठी खिडकी. तिथे नानांनी त्याला सगळं शिकवलं. खोबणीचा साचा कसा घ्यायचा, पांढऱ्या गोळ्यावर रेशमाचे तांबडे तंतू चिकटवून शिरा कशा दाखवायच्या, बुबुळाची चकती कशी रंगवायची. हाताचं काम तो चटकन उचलायचा. पण त्याने रंगवलेलं बुबूळ डोळ्यात बसवलं, की समोरचा माणूस बाहुलीसारखा दिसायचा. का, ते त्याला कळत नव्हतं. आणि दीपकने चष्मा पुन्हा चढवला, तेव्हा त्याने मनाशी ठरवून टाकलं, की हे आपलं काम नव्हे.

त्याची बायको नूतन शाळेत पोरांची खिचडी शिजवायला जायची. संध्याकाळी परत आल्यावर तिला हे कळलं. ती काही वेळ तांदूळ निवडत राहिली. मग तिने स्वतःच्या पहिल्या दिवसाचं सांगितलं. जन्मभर चार माणसांचा स्वयंपाक केलेली बाई, एकदम शाळाभर पोरांसाठी चूल पेटवायची. खिचडी करपली. पोरांनी ताटं तशीच सरकवली. हे तिने तोतारामला कधी सांगितलं नव्हतं.

"मंग काय करं तू?" त्याने विचारलं.

"काय करनार? दुसरे दिन आग कमी लाई."

तोताराम हसला नाही. म्हणाला, "माले जमनार नही ते, नूतन."

"रंग तोच शे, ब्रश बी तोच शे," ती म्हणाली. "तुमनं मनच आडवं पडी गयं." आणि तिने तांदळाचं ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी सोनगीरहून गिरधर आबांचा निरोप आला. सोनगीरला त्यांचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं जुनं दुकान. फ्लेक्स उन्हाने वर्षभरात पांढरा पडतो म्हणून आबांना हाताने रंगवलेली पाटीच हवी होती. तोतारामला हा कौल मिळाल्यासारखंच वाटलं. त्याने ब्रशांची पिशवी खांद्याला लावली आणि एसटी पकडली.

किल्ल्याच्या पायथ्याशी गल्लीत शिडी लावून तो वर चढला आणि पहिल्या रेघेलाच त्याचं अंग सैल झालं. हात आपोआप चालत होता. पिवळ्यावर तांबडं, तांबड्याला काळी सावली. खाली नेहमीसारखे लोक जमले. एक जण म्हणाला, मशीनच्या बापाला जमणार नाही. तोतारामला बरं वाटलं. फार दिवसांनी कुणीतरी त्याच्या कामाकडे मान वर करून बघत होतं.

दुपारी आबांनी चहा मागवला. दोघे दुकानाच्या पायरीवर बसले. आबा जुन्या दिवसांचं काहीतरी सांगत होते. कारागिरांचे हातोडे सकाळपासून कसे वाजायचे, वगैरे. तोताराम ऐकत होता, पण त्याची नजर आबांच्या डोळ्यांवर खिळली होती. आबांच्या बुबुळाभोवती निळसर राखाडी कडं होतं. कडं म्हणावं, तर त्याला कुठे रेघ नव्हती. तपकिरी रंग कुठे संपला आणि निळा कुठे लागला, हे सांगता येत नव्हतं. आणि तो निळाही पुढे पांढऱ्यात असा विरून जात होता, जसा ओल्या कागदावर रंग पसरावा.

"काय देखस रे तोताराम?" आबांनी विचारलं. "डोयामा काही गयं का मन्हा?"

"नही आबा," तो म्हणाला. "सहज."

चहा थंड झाला. त्याला दीपकचा डोळा आठवत होता. पोराचं तपकिरी बुबूळ त्याने किती मन लावून रंगवलं होतं, आणि शेवटी त्याच्याभोवती काळी कड फिरवली होती. बारीक, गोल, एका दमात. आयुष्यभराच्या सवयीने. नानांनी तेव्हा काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं आणि मिटलं होतं.

पाटी संध्याकाळी पुरी झाली. आबा खूश झाले. तोतारामने खाली उभं राहून पाहिलं. पाटी उत्तम होती. अक्षरं धारदार होती, कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. तो थोडा वेळ बघत राहिला आणि त्याला जाणवलं, की यात आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. परतीच्या एसटीत खिडकीजवळ बसूनही त्याने बाहेर पाहिलं नाही. समोरच्या बाकावरच्या बाईचे डोळे, कंडक्टरचे डोळे, दाराशी उभ्या असलेल्या पोलिसाचे डोळे, तो बघतच राहिला. कंडक्टरने शेवटी विचारलं, काका, ओळख आहे का आपली?

नूतनला त्याने काही सांगितलं नाही. सकाळी डबा मात्र मागितला. तिने दोन भाकरी जास्त बांधल्या.

तो दवाखान्यातल्या खोलीत शिरला तेव्हा नाना दीपकचा डोळा नव्याने रंगवत होते. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं, कोपर टेबलावर रोवलेलं, आणि श्वास रोखून एकेक ठिपका. मध्येच हात इतका हलायचा की ते ब्रश उचलून डोळे मिटून बसायचे. तोतारामने स्टूल ओढलं आणि शेजारी बसला. नानांनी तू कसा आलास, असं विचारलं नाही. तोतारामने बघितलं, की नाना रेघ ओढतच नाहीत. कोरड्या ब्रशाने कड पुसत होते. लावायचं आणि मोडायचं.

"नाना, तुमच्या थरथरीने उलट कड चांगली येते," तो न राहवून म्हणाला.

नाना हसले. "थरथर आत्ताची. आधी हेच मुद्दाम करायला मला काही वर्षं लागली."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस. हाताने ऐकलं नसतं."

दीपक ठरल्या दिवशी आला. नवा डोळा बसवून त्याने आरशात पाहिलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. जाताना चष्मा त्याच्या हातात होता. तोतारामला आनंद झाला, पण त्या आनंदात एक टोचणीही होती. ते नानांचं काम होतं. आपल्याला समजलं, हे ठीक. जमेल का, हे अजून कुठे ठरलं होतं?

त्यानंतर भिकुबाई आली.

साक्रीच्या पलीकडच्या एका गावातून तिचा मुलगा वना तिला घेऊन आला होता. बाई सत्तरीच्या पुढची. तरुणपणी कपाशीची वाळलेली पऱ्हाटी उपटताना काडी डाव्या डोळ्यात घुसली, डोळा काढावा लागला. तेव्हापासून पदर डाव्या बाजूने पुढे ओढून घ्यायची सवय, आणि त्या सवयीने मानच त्या बाजूला कलली होती. गावात डोळ्यांचं शिबिर भरलं, तिथल्या डॉक्टरांनी कृत्रिम डोळ्याचं सांगितलं आणि वनाने मनावर घेतलं. बाई नाराजीनेच आली होती. आता काय माझं लग्न करायचंय का, असं ती वाटभर म्हणत होती, असं वनाने हसत सांगितलं.

नाना म्हणाले, ही तुझी. आणि ते खुर्ची घेऊन दाराबाहेर उन्हात जाऊन बसले.

तोतारामने पहिलं बुबूळ केलं, ते सुरेख झालं. कड विरलेली, आत तपकिरी छटा, मधोमध गडद बाहुली. त्याने ते नानांना नेऊन दाखवलं. नानांनी ते बाईच्या उजव्या डोळ्याशेजारी धरलं आणि एवढंच म्हणाले, "सासूच्या तोंडावर सुनेचा डोळा."

वना हसला. तोतारामचं तोंड उतरलं. पुन्हा तेच वाटलं. हात धुवावेत, कोट खिळ्याला अडकवावा, निघून जावं. तो बेसिनपर्यंत गेलासुद्धा. नळ उघडला, पाण्याखाली हात धरले. मग नळ बंद करून परत आला आणि भिकुबाईसमोर बसला.

"अक्का," तो म्हणाला, "तुम्हले खरं सांगस. मी नवीन शे या कामले. दोन-तीन येळ बसनं पडी तुम्हले."

भिकुबाईने पदराआडून त्याच्याकडे पाहिलं. "मी बी नवीच शे भाऊ," ती म्हणाली. "मीनी कव्हय आसा डोया बसाडा व्हता?"

तोतारामला एकदम मोकळं वाटलं. समोर परीक्षा घेणारं कुणी नव्हतं. एक म्हातारी होती, आणि तीही त्याच्यासारखीच पहिल्यांदा या खुर्चीत बसली होती. त्याने तिची खुर्ची खिडकीकडे वळवली आणि पदर जरा मागे घ्यायला सांगितला. तिने घेतला, पण हात पदरावरच राहिला.

तो बघू लागला. ब्रश हातात घेतलाच नाही. उजेड बदलला, तसा डोळ्याचा रंगही बदलत होता. गिरधर आबांच्या डोळ्यात होतं तसं निळसर कडं इथेही होतं, पण वरच्या बाजूला जाड आणि खाली पातळ. पांढरा भाग पांढरा नव्हताच, सायीसारखा पिवळट होता. नाकाकडच्या कोपऱ्यात उन्हाने आलेला एक फुगवटा. आणि बुबुळात, खालच्या बाजूला, मोहरीएवढा काळसर डाग.

"काय देखी ऱ्हायना इतलं?" भिकुबाईने विचारलं.

"तुमना डोया देखी ऱ्हायनू, अक्का."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "बराच वरीस व्हयनात," ती मग म्हणाली. "मना तोंडकडे इतला येळ कोनी देखं नही."

वना बाहेर नानांशी बोलत होता. तो जवळपास नाही, हे बघून ती हळू आवाजात पुढे बोलली. पोरगा म्हणतो म्हणून आले, असं मी सगळ्यांना सांगते. पण तसं नाही. माझी जाऊ गेल्या साली गेली. तिला अंगणात ठेवलं होतं, गाव येऊन तिचं तोंड बघून गेला.

"मरानी येळे बठ्ठा लोके तोंड देखतस ना भाऊ," ती म्हणाली. "तव्हय तरी सारखं दिसाले पाहिजे."

तोतारामने पुन्हा तिच्या डोळ्याकडे पाहिलं. त्याने ब्रश उचलला.

तो दिवस आणि पुढचे दोन दिवस तो त्याच एका बुबुळावर होता. भिकुबाई आणि वना देवपुरातच एका नातेवाइकाकडे उतरले होते, सकाळी येऊन बसायचे. तपकिरी रंगात त्याने राखाडी मिसळला, पुसला, पुन्हा लावला. कडं एका बाजूला जाड ठेवलं. पांढऱ्यात पिवळा घालताना त्याचा हात अडखळला. जन्मभर गिऱ्हाइकाने त्याच्याकडून झळझळीत रंग मागितले होते, आणि तो पहिल्यांदाच मुद्दाम मळकट रंग लावत होता. शेवटी तो डाग राहिला. तो द्यावा की नाही? नानांना विचारावं म्हणून तो उठला, दारापर्यंत गेला. नाना उन्हात डुलक्या घेत होते. तो उभा राहिला, मग परत फिरला आणि त्याने स्वतःच डाग दिला. अगदी तसाच दिला नाही, थोडा वर आणि फिकट. दोन डोळ्यांत एकाच जागी एकच डाग असेल, तर तो छापल्यासारखा दिसला असता.

डोळा तयार होऊन, घासून, चकाकून आला. तोतारामने तो पाण्यात बुडवला, भिकुबाईची वरची पापणी हलकेच उचलली आणि बसवला. तिने उघडझाप केली. खोबणीत डोळा किंचित फिरला आणि स्थिरावला.

नाना उठून आत आले. त्यांनी बाईकडे पाहिलं, जवळ गेले, बाजूला सरले, खिडकीकडून पाहिलं.  मग आपल्या खिशातलं बारीक भिंग काढून त्यांनी तोतारामच्या टेबलावर ठेवलं आणि ते पुन्हा उचललं नाही.

भिकुबाईने आरसा घेतला. तिने चेहरा फार वेळ पाहिला नाही. आरसा उलटा करून मांडीवर ठेवला आणि वनाला विचारलं, कसं दिसतंय. वना चाळिशीचा रांगडा गडी. डोळा गेला तेव्हा तो पाळण्यात होता, आईला त्याने असं कधी पाहिलंच नव्हतं. तो तिच्याकडे बघत राहिला, मग एसटी कधीची आहे ते विचारून येतो, असं काहीतरी पुटपुटत बाहेर निघून गेला. एसटीची वेळ त्याला माहीत होती.

"रडी ऱ्हायना त्यो," भिकुबाई म्हणाली. "लहानपनपशी तसाच शे."

डोळा कसा काढायचा, कसा धुवायचा, हे तोतारामने तिला नीट समजावून सांगितलं. वर्षभराने दाखवायला या, म्हणाला. तिने विचारलं, तव्हय तू आठेच राहशी ना?  हा प्रश्न तोतारामला गेल्या कित्येक महिन्यांत कुणी विचारला असता, तर त्याने मान खाली घातली असती.

"हाव," तो म्हणाला. "मी आठेच शे."

नाना त्या महिनाअखेरीस नाशिकला गेले, पण खरं तर आपली जागा त्यांनी त्या दुपारीच सोडली. कारण नंतरचा पेशंट आत आला, तेव्हा ते उठले नाहीत, आणि तोतारामनेच त्याला खिडकीकडे तोंड करून बसायला सांगितलं.

पेशंट बसेपर्यंत तोतारामने बाहेर पाहिलं. दवाखान्याच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली, सिमेंटच्या बाकावर भिकुबाई वनाची वाट पाहत बसली होती. पिशवी मांडीवर, मान सरळ. शेजारून जाणाऱ्या एका बाईने तिला काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं, आणि ती बाई पुढे निघून गेली, वळून न बघता. फाटकाबाहेरून एक ट्रक गेला. त्यामागून धुळीचा मोठा लोट उठून अंगणात आला. भिकुबाईने दोन्ही डोळे मिटून घेतले आणि धूळ बसेपर्यंत ती तशीच शांत बसून राहिली.